कणगीतलं तारांगण

आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हंजे पुढचं सांगाले मोकळा होतो. मी कलकत्त्याचं तारांगण पाह्यलंच नाही बे!

म्हंजे पाह्यलं, पण भायेरून. मोठ्ठा पांढरा घुमट पाह्यला, घुमटावर दोन कबुतरं बसेल होते थे पाह्यले. आत गेलो नाही. थांबा, थांबा, शिव्या मंग द्या. माह्या जागी तुम्ही असते तं तुम्ही बी हेच केलं असतं. जास्तच केलं असतं.

झालं असं का औंदाच्या संक्रांतीले माह्या आत्यानं, अन्नपूर्णाबाईनं, गंगासागर काढलं. बाबाची मोठी बहीण. तिच्यापुढं आमच्या घरात कोणाचं चालत नाही, बाबाचं तं मुळीच नाही. सोबत कोण जाईन? मी. काऊन का मी मॅट्रिकले एक डाव बसून दुसऱ्या डावाची तयारी करून राह्यलो होतो, म्हंजे घरच्यायच्या भाषेत रिकामा होतो. नांदुऱ्याले गाडीत बसलो, सरळ हावडा. गंगासागर झालं, कालीमाय झाली, आन् निघाच्या दिवशी मी म्हणलं, आत्या, तारांगण पाहू. पेपरात फोटो आलता ना त्याचा? सोनाळ्याच्या बाजारात पुड्या बांधाले थोच पेपर होता, समद्या गावाच्या घरी हळद गेली त्या फोटोत.

तिथं जाऊन पाह्यतो तं रांग! शेगावले प्रगटदिनाले असते ना, तशी. पण बायायची रांग अलग, आन् थे लहानशी. आत्या तिकडं लागली, मी इकडं. आत्याले तिकीट भेटलं. आन् माह्यापुढं सतरा माणसं असतानी खिडकी खट्टकन बंद. आत्या म्हणे, "इंद्रभान, हे पिशवी धर, मी पाहून येते."

आता सांगा, मॅट्रिकले बसेल माणूस भायेर पिशवी धरून उभा, आन् जिले सही येत नाही थे बाई आत खगोलशास्त्र पाहून राह्यली. न्याव हाय का हा?

पाऊण घंट्यानं भायेर आली तं डोळे हे एवढे. मी म्हणलं, काय होतं वं आत? म्हणे, "अरे बाप्पा! खुर्चीवर बसले तं खुर्ची मांगं वाकली. मधात एक काळा लोखंडाचा मुंगळा उभा होता, माणसाहून मोठा, दोन डोक्याचा. मंग दिवा गेला. आन् भर दुपारी रात झाली ना! खाटलं निघालं, तिफण निघाली, कोंबडीचे पिल्लं निघाले. समदे आपल्या वावरातून दिसतात थेच तारे, थेच आभाळ. मी म्हणलं, याहिनं आमचं आभाळ इथं आणलं कसं?" मी विचारलं, कोणी काई सांगून राह्यलं होतं का? म्हणे, "हाव, एक माणूस अंधारात बोलून राह्यलता. बंगालीत असन. मी त्याच्याकडं ध्यान देलं नाही, त्याले आपलं खाटलं मालूम नव्हतं."

एवढंच. तारांगणाबद्दल माहं ज्ञान एवढंच. गाडीत येतानी तीनदा ऐकलं, पाठ झालं.

आन् गावात उतरलो तं पारावर पंधरा माणसं. आत्याले कोणी विचारलं नाही गंगासागर कसं झालं. मले विचारलं, "काय बे इंद्रभान, तारांगण पाह्यलं का?"

मी म्हणलं, "हो."

एक अक्षर बे! एका अक्षराले किती जागा लागते? पण थे अक्षर दुसऱ्या दिवशी सोनाळ्याले गेलं, बाजाराच्या दिवशी जळगाव जामोदले गेलं, आन् आठ दिवसात खामगावच्या कापूस बाजारातून पार मेहकरकडं, जानेफळले पोचलं. तिथं भगवंतराव म्हणून एक बडे कास्तकार हायेत. त्यायले पोरगी लग्नाची. पुष्पा. त्यायनं बाबाले निरोप धाडला, "आमच्या पोरीले एक स्थळ नागपूरचं आलं होतं, पण थो पोरगा नागपूरच्या पुढं गेला नाही. तुमच्या पोरानं म्हणे तारांगण पाहेल हाय."

बाबा तं उडालेच. चोवीस वर्सात माह्यात कोणाले काही गुण दिसला नव्हता. आत्याच्या मी पाया पडलो, म्हणलं, आत्या, तू आत गेलती हे कोणाले सांगजो नको. आत्या म्हणे, "मी कायले सांगते? पण खोटं हाय बरं हे. आन् उद्यापासून माही म्हैस तू दोहाची." मी म्हणलं, दोहतो. म्हैस लाथ मारते हे तिनं सांगतलं नाही.

मंग आम्ही जानेफळले पोरगी पाहाले गेलो. आता पोरगी पाहाणं म्हंजे कसं असते, तिनं पोहे आणाचे, आपण हळूच नाव विचाराचं, तिनं खाली पाहून सांगाचं. हिनं सांगतलं, पुष्पा. आन् मंग मान वरते करून मलेच विचारलं, "तारांगणात तारे किती होते?"

मी म्हणलं, "लय होते."

"मोजले नाही?"

"गर्दी होती," मी म्हणलं.

थे हासली. बस! खलास. मले पोह्यातला शेंगदाणा कुठं गेला समजलं नाही. मी मनात म्हणलं, करीन तं हिच्यासंगच लग्न करीन, नाही तं आत्याच्या म्हशी दोहत जलम काढीन.

भगवंतराव म्हणे, "सांगा बुवा आमाले आत काय असते." समदं घर पुढं सरकून बसलं. दाराआड बाया. आता मी सांगतो तं काय सांगतो? खुर्ची वाकते, मुंगळा असते, खाटलं असते. दोन मिनिटात संपते थे. भगवंतराव चौथं काही विचारतीन आन् मी फसीन. आन् तोंडातून काय निघालं, "मामा, सांगून नाही समजत थे. तुम्ही आमच्या गावाले या, मी दाखवतोच."

"म्हंजे?"

"बनवतो," मी म्हणलं.

बाबाच्या हातातली बशी वाजली, मले अजून आठवते.

भगवंतराव खुश! म्हणे, माघी पुनवेच्या दुपारी येतो. आन् पोरगी म्हणे, मी बी येते. तिची माय म्हणे, अवं, लग्नाआधी पोरी पोराच्या घरी जात असतात का? तं थे म्हणे, "मी पोराच्या घरी कुठं जाऊन राह्यली? मी तारांगणाले जाऊन राह्यली."

घरी येऊन दोन दिवस मी आभाळाकडं पाहून राह्यलो. घुमट कशाचा कराचा? पत्र्याचा म्हणलं तं पत्रा कोण देते. कापडाचा म्हणलं तं कापड उन्हात पार दिसते. तिसऱ्या दिवशी म्हैस दोहतानी लाथ बसली, मी मांगं पडलो, आन् पडल्या पडल्या कोठ्यात उपडी ठेवेल कणगी दिसली.

आमची कणगी पाहेल हाय ना तुम्ही? साठ पोते ज्वारीची! गावात तेवढी कणगी कोणाची नाही. बांबूची इणेल, आतून भायेरून शेणानं सारवेल, उपडी केली तं साक्षात घुमट. आन् खळं उठेपर्यंत रिकामीच. मी म्हणलं, आतून अंधार, वरते ऊन, मधात शेण. दाभणानं भोकं पाडले का झाले तारे! कलकत्तेवाल्यायले लाखाचा मुंगळा लागला असन, मले एक दाभण पुरे. भर दुपारी फुकट उजेड देवाले सूर्य बसेलच हाय.

बाबा म्हणे, "भोकं पाडशीन आन् ज्वारी गळन." मी म्हणलं, मंग सारवून देतो. आत्या म्हणे, "महादेव, पाडू दे." झालं, बाबानंच दाभण आणून देलं.

आंगणात कणगी उपडी केली, आन् गाव जमलं.

मले वाटलं होतं लोक इचारतीन, हे काय करून राह्यला. कोणी इचारलं नाही. समद्यायले मालूम होतं. उलट मलेच सांगाले लागले. दोन वर्सामांगं अष्टग्रही झाली नव्हती का? आठ ग्रह एका राशीत, दुनिया बुडते म्हणून? तवापासून आमच्या गावात ग्रहायचा लय धाक हाय. पहिले आमचे शंकरराव जोशी आले, पंचांगवाले. काठीनं कणगी ठोकून म्हणे, "ग्रह एका जागी दाटीनं नको पाडू. येक येक हात अंतर ठेव. बुडालं तं तुहीच कणगी पहिले बुडन."

मी म्हणलं, ठेवतो. मंग विचारलं, राहू-केतू कुठं पाडू? म्हणे, "थे दिसत नसतात."

"मंग दाखवाचे कसे?"

शंकररावनं लय इचार केला. म्हणे, "जिथं भोक नाही तिथं राहू हाय असं सांग."

मंग शेजारचे उकंडराव आले. इकडं तिकडं पाह्यलं, मले बाजूले घेतलं. "इंद्रभान, शनि कुठं पाडून राह्यला?" मी वरते बोट दाखवलं. म्हणे, "त्याच्या खालते कोण बसन?" मी म्हणलं, जो येईन थो. उकंडराव म्हणे, "अरे, मले साडेसाती सुरू हाय. अडीच वर्स अजून बाकी. त्यात तू डोक्यावर आणखी येक शनि लटकवतं काय? त्याले तिकडं सरकव. तिकडं आमचा शेषराव बसन." शेषराव म्हंजे त्यायचा भाऊ. वावराच्या धुऱ्यावरून बोलणं बंद हाय दोघायचं.

मी शनि सरकवला. म्हंजे पहिलं भोक शेणानं बुजवलं, दुसरं पाडलं. घंट्याभरात शेषराव हजर. "काऊन बे, माह्या डोक्यावर शनि टाकला म्हणे?" थे बी बुजवलं. शेवटी शनि मी मुंगळ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला, मुंगळ्याले काही साडेसाती नसते.

मुंगळा राह्यलाच सांगाचा! आता आत्या म्हणे मधात मुंगळा होता, म्हंजे मुंगळा पाह्यजे. थो काय काम करते हे आत्याले मालूम नाही, मले तं त्याहून नाही. पण उद्या भगवंतरावनं कुठं ऐकलं असन आन् म्हणले, मुंगळा कुठं हाय, तं? म्हणून मी मुसळ उभं रोवलं, खालते वरते एक एक मडकं बसवलं, समद्याले काजळी फासली. दोन माणसायची जागा खाल्ली त्यानं. लोक विचारत, हे कायले? मी म्हणो, "त्याच्याबिगर चालत नाही." खोटं नव्हतं थे, कलकत्त्यात चालत नसनच. दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं मुंगळ्याले कोणी हळदकुंकू लावून गेलं होतं.

झुंबरबाई आली, म्हणे, माह्या सुनेच्या डोक्यावर गुरू पाड रे बाप्पा, पाच वर्स झाले लग्नाले, पाळणा नाही. मी गुरू पाडला. तं तिची जाव आली. तिलेही पाह्यजे. नाही कसं म्हणता? दुसरा पाडला. माघी पुनवेपर्यंत माह्या आभाळात चार गुरू झाले, शनि मुंगळ्यावर, शुक्र शंकररावच्या हुकमानं येकच.

आन् मंग ग्रामसेवक मोतीराम. थो कागद घेऊन आला. म्हणे, "जाहीर खेळ कराले परवानगी लागते. अर्जात लिहाचं काय? तमाशा, सर्कस, जादूचे प्रयोग, सिनेमा, हे चार रकाने हायेत. तुहं कोणतं?"

मी म्हणलं, हे विज्ञान हाय.

"विज्ञानाचा रकाना नाही."

"मंग आभाळ लिहा."

मोतीराम म्हणे, "आभाळ पंचायतीच्या हद्दीत येते का हे पाहा लागन." लेखणी कानाले लावून लय येळ वरते पाह्यत राह्यला. शेवटी त्यानं ‘इतर’ काढलं, त्यात लिह्यलं, "कणगी, उपडी, एक." सही ठोकली. आन् म्हणे, मले बसाले जागा ठेव, शनिपासून दूर.

आली माघी पुनव. सकाळीच भगवंतराव बैलगाडीनं आले, सोनाळ्यापर्यंत मोटारनं आन् तिथून गाडीनं. पांढराशुभ्र फेटा, पोट हे एवढं. पुष्पा आन् तिची माय आत बायायमंदी गेल्या. पुष्पानं जातानी कणगीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. कोणाकडं पाहून हासली सांगता येत नाही.

भगवंतरावनं मले कणगीमांगं नेलं. म्हणे, "जवाईबापू," बे, जवाईबापू म्हणले! "यात मंगळ हाय का?"

मी छाती फुगवून म्हणलं, "हाय ना! समद्यात मोठं भोक. त्याले लाल पतंगी कागद लावला हाय, संक्रांतीचा. लालभडक दिसते."

भगवंतरावचा चेहरा उतरला. म्हणे, "थे... बुजवा."

"काऊन?"

"नको विचारू. बुजवा. सोयरीक कराची हाय ना?"

मी म्हणलं, ठीक हाय. आठ दिवसात मले एवढं समजलं होतं का दर माणसाले येक ग्रह नको असते. आत घुसलो, ओल्या शेणाचा गोळा घेतला, देला थापून. मंगळ गायब.

बारा वाजले. ऊन कडक. सहा माणसं, दोन बल्ल्या. कणगी उचलाची, लोकायनं खालून रांगत आत जाचं, कणगी खालते ठेवाची, उजेड अडवाले कडेनं रिकामे पोते लावाचे. मी उचलणाऱ्यायले बजावलं, "आतून कितीबी ओरडले तरी उचलू नका. लोक तारे पाहून ओरडतच असतात. मी तीन टाळ्या देईन, तवा उचला." हे बी आत्याचंच ज्ञान, म्हणे कलकत्त्यात लोक ओरडलते.

पहिल्या खेपेले आत कोण? भगवंतराव, त्यायची बाई, पुष्पा, बाबा, आत्या, शंकरराव जोशी, उकंडराव, मोतीराम, मी, आन् मुंगळा. रांगत जातानी भगवंतराव अर्ध्यात अडकले, उकंडरावनं मांगून लोटलं. कणगी खालते आली. अंधार.

आन् बाप्पा... तारे!

खरं सांगतो, हासू नका. मी सोता पाडेल भोकं होते, पण माह्याच अंगावर काटा आला. चारी बाजूनं तारेच तारे. उकंडराव बारीक आवाजात म्हणे, "अबे, हे तं तिफण हाय." भगवंतरावची बाई म्हणे, "माय वं, खाटलं!" पुष्पा कुठं बसेल होती दिसत नव्हतं, पण तिचा श्वास ऐकू आला. मले वाटलं, जितलो!

आता बोलाचं होतं. मी आवाज जाड केला. "पाहुणेहो! आपण आता कलकत्त्यात हाओत. हे पाहा सप्तर्षी..."

"कुठं?" आत्या म्हणे.

"हे काय, हे सात."

"अरे, थे खाटलं हाय. चार पाय खाटेचे, आन् तीन चोर मांगं. सप्तर्षी कोणी सांगतले तुले?"

"तेच थे, आत्या."

"तेच नाही. आन् तिफण तू उलटी पाडली. तिथं तिफणीचं तोंड इकडं होतं. मी बरोबर तिच्याखालीच बसेल होते, मले मालूम नाही का?"

लागली आग! मी जोरात खोकलो. पण कणगीत खोकला कुठं जाईन? भगवंतराव म्हणे, "कुठं बसेल होत्या तुम्ही, बाई?"

मी अजून जोरात खोकलो. आन् तेवढ्यात...

तेवढ्यात शेण वाळलं बे. बाराचं ऊन, गोळा पातळ थापेल. फट्टकन सुटला आन् पडला शंकरराव जोशायच्या मांडीवर. शंकरराव कडाडले, "राहू! राहू पडला!" आन् त्या भोकातून लाल कागदातून लालभडक उजेडाची कांडी आली, आन् सरळ, येक बोट इकडं नाही तिकडं नाही, भगवंतरावच्या पांढऱ्या फेट्यावर टेकली. जसा कोणी टिळा लावला.

शंकररावनं वरते पाह्यलं, फेट्याकडं पाह्यलं. म्हणे, "हा मंगळ. इथं मंगळ होता, कोणी बुजवला?"

मले काय मालूम! मी म्हणलं, "मामायनंच सांगतलं बुजवाले."

अंधारात शंकरराव लय हळू म्हणले, "अस्सं. म्हणूनच तुम्ही पोरीची पत्रिका अष्टग्रहीच्या धावपळीत हरवली म्हणत होते. भगवंतराव, पोरीले मंगळ हाय."

भगवंतराव खवळले. लाल फेट्यानं खवळेल माणूस लय भेव दावते. म्हणे, "हाय! हाय मंगळ! आन् तुमचा पोरगा? बाई, तुम्ही सांगा, तारांगणात कोण गेलतं?"

आत्याले खोटं बोलता येत नाही हे मले म्हैस दोहतानीच समजाले पाह्यजे होतं. म्हणे, "मी गेलते. हा भायेर पिशवी धरून होता."

बाबा म्हणे, "काय?"

भगवंतराव गर्जले, "मोडली सोयरीक! उचला रे कणगी!"

भायेरून आवाज आला, "वा! वा! दिसले वाटते तारे!"

"अबे उचला!"

"लय भारी दिसून राह्यलं बे त्यायले!"

मी तीन टाळ्या देल्या. भायेरच्यायले वाटलं आतले टाळ्या वाजवून राह्यले. त्यायनं बी वाजवल्या. समद्या आंगणानं वाजवल्या. मी अजून तीन देल्या, त्यायनं अजून जोरात. मोतीराम उभा राहाले गेला तं डोकं मुंगळ्याच्या मडक्याले लागलं, मडकं फुटलं, काजळी उकंडरावच्या तोंडावर. उकंडराव म्हणे, "शनिच होता ना त्याच्यावर! मी म्हणलं नव्हतं?"

मंग समदे थकून बसले. निघता येत नाही, भांडाले जागा नाही, दोन्ही गोष्टी उघड्या पडेल. आन् वरते तिफण, उलटी. मी मनात म्हणलं, इंद्रभान, गेली. एका ‘हो’नं आलती, गेली. पुष्पा तिथंच चार हातावर होती आन् मले तिचं तोंड दिसत नव्हतं, थेच बरं होतं.

शंकरराव म्हणे, "मंगळाच्या पोरीले मंगळाचाच पोरगा पाह्यजे. याची पत्रिका काय म्हणते?"

आत्या म्हणे, "याची कुठं हाय पत्रिका? हा झाला त्याच घंट्याले घरची म्हैस व्याली. समदे गोठ्यात. याची येळ पाह्यलीच नाही कोणी. म्हशीची लिहून ठेवेल हाय."

शंकरराव म्हणे, "मंग याले मंगळ हाय असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही."

आन् मंग अंधारातून पुष्पा बोलली. समद्याच्या देखत! म्हंजे देखत नाही, अंधारच होता. म्हणे, "बाबा, यायले तारांगणात काय हाय मालूम नाही. मले मंगळात काय हाय मालूम नाही. दोघंही अडाणी. जोडा जमते."

"तू चूप," तिची माय म्हणे.

"काऊन चूप? यायनं लपवलं, तुम्ही लपवलं. फिट्टंफाट. आन् आत न जाता येवढं केलं यायनं. नागपूरवाल्यानं नागपूर पाह्यलं होतं, त्यानं नागपूर बनवलं का?"

पहिले कोणाले समजलं नाही थो आवाज कशाचा. घुर्रघुर्र. मले वाटलं कणगी फाटून राह्यली. भगवंतराव हासून राह्यलते! पोटातून हासून राह्यलते, आन् पोट हाललं का बाजूचे तिघं हालत. हासता हासता मांगं रेलले, कणगी येका बाजूनं उचलली गेली आन् धाडकन उलथली. भर दुपारचं ऊन! गाव पाह्यते तं काळा उकंडराव, शेणाचे शंकरराव, आन् मधात भगवंतराव माहा हात धरून हासत.

ज्यायनं टाळ्या वाजवल्या त्यायनं अजून वाजवल्या. त्यायले वाटलं असाच संपते खेळ.

सुपारी तिथंच फुटली. पण संध्याकाळी निघतानी भगवंतरावनं मले पुन्हा मांगं नेलं. म्हणे, "जवाईबापू, झालं थे झालं. पण जानेफळात मी समद्यायले सांगून बसेल हाओ, का जवाई आत जाऊन आला. तिथं तुम्ही आत गेलतेच. समजलं?" मी म्हणलं, समजलं. म्हणे, "आन् लग्नात अक्षदा पडल्या का पंगतीच्या आधी तुमचं दोन शब्द भाषण ठेवेल हाय. तारांगणावर. मेहकरहून मोठे मोठे लोक येऊन राह्यले."

म्हणून म्हणतो, फाल्गुनात लग्नाले समद्यायनं या. पण भाषण सुरू झालं का हासू नका बे, तुमच्या पाया पडतो. रोज सकाळी म्हैस दोहतानी आत्या माह्याकडून घोकून घेते, खाटलं इकडं, तिफण तिकडं, चुकलो तं म्हैस अलग मारते आन् आत्या अलग.

काल पुष्पाची चिठ्ठी आली. पहिलीच. मी कोठ्यात जाऊन उघडली. मले वाटलं काय लिह्यलं असन, नवरीची पहिली चिठ्ठी. आत दोनच ओळी.

"भाषणात मंगळ गाळजा नका. मी बाजूलेच बसेल असन."